बोटांची पकड आणि काळा कातळ

पुण्याहून आळंदीला जाताना वाटेत दिघी लागते. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच रस्त्याने पुण्याकडे येते, म्हणून हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. दिघीला लागून एक टेकडी आहे. तेथे जाण्याचा योग आला, तर पाऊलवाटेच्या कडेला उघडा पडलेला काळा खडक जवळून पाहा. (परिसरातील काही भाग लष्कराच्या ताब्यात आहे, तिकडे मात्र फिरकू नका.) खडकावर लहानमोठी भोके दिसतील, काही भोकांत पांढरट खनिज भरलेले दिसेल, कोठे धारदार कंगोरे, कोठे उभ्या भेगा. हा बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हारस थिजून तो बनला. ती भोके म्हणजे लाव्हात कोंडलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा, आणि भेगा म्हणजे लाव्हा थंड होऊन आक्रसताना पडलेल्या चिरा.

दिघीची टेकडी काही कडा नव्हे. पण खंडाळ्याची नागफणी, लोणावळ्याजवळच्या तैलबैल्याच्या दोन उभ्या भिंती, रायगडासमोरचा लिंगाणा हे सारे याच खडकाचे. सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्याच्या बोटांना जो दगड लागतो, तो तुमच्या ओळखीचाच आहे. मग प्रश्न असा की या दगडाच्या बोटभर रुंदीच्या कंगोऱ्याला माणूस धरून राहतो तो कशाच्या बळावर? 'बोटांच्या ताकदीवर' असे उत्तर बहुतेक जण देतील. ते उत्तर किती अपुरे आहे हे आपण पाहू या. त्याच्या ओघात अशी एक गोष्ट निघेल, जी तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना ठाऊक असणे फार जरुरीचे आहे.

प्रथम एक साधा प्रयोग करा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी मूठ आवळा, सोडा, पुन्हा आवळा. कोपराजवळ काही तरी फुगते, टणक होते, हे कळेल. आता तसेच बोटाचे मुळाचे पेर चिमटीत धरून मूठ आवळा. तेथे काही फुगत नाही. याचे कारण, बोटांत वाकवणारे स्नायू नसतातच! बोट वाकवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. त्यांची टोके दोरीसारख्या चिवट कंडरांत निमुळती होतात. या कंडरा मनगटातून, तळहातातून जाऊन बोटांच्या पेरांना चिकटतात. प्रत्येक बोटासाठी अशा दोन कंडरा असतात. एक मधल्या पेरापर्यंत जाते आणि दुसरी पार टोकाच्या पेरापर्यंत. स्नायू आकुंचन पावला की कंडरा ओढली जाते आणि बोट वाकते. कळसूत्री बाहुलीची दोरी पडद्यामागून ओढावी, तसाच हा प्रकार.

दुसरा प्रयोग मित्राला बरोबर घेऊन करा. मनगट सरळ, किंचित मागे झुकलेले ठेवा आणि मुठीत पेन्सिल घट्ट धरा. मित्राला ती ओढायला सांगा. त्याला बराच जोर लावावा लागेल. आता मनगट तळहाताच्या बाजूस होईल तितके वाकवा आणि मूठ आवळा. पेन्सिल सहज निसटेल. स्नायू तेच, बोटेही तीच, मग ताकद गेली कोठे? मनगट पुढे वाकले की बोटे वाकवणारा स्नायू आधीच आखूड झालेला असतो, त्याला आणखी आकुंचन पावायला फारसा वाव राहत नाही. शिवाय हाताच्या पाठीवरच्या, बोटे उघडणाऱ्या कंडरा ताणल्या जातात व त्या बोटांना मागे खेचतात. म्हणून कातळावर हात टाकताना मनगट मुडपले जात असेल, तर अनुभवी आरोहक बोटांचा जोर वाढवत बसत नाही. तो शरीर थोडे डावी-उजवीकडे सरकवतो आणि मनगट सरळ करून घेतो.

आता या कंडरांकडे जरा बारकाईने पाहू. तुमच्या सायकलचा ब्रेक आठवा. दांड्यावरची मूठ दाबली की तार ओढली जाते. ती तार सांगाड्याला लागून राहावी म्हणून ठिकठिकाणी लहान पट्ट्या बसवलेल्या असतात. एखादी पट्टी तुटली, तर तार ओढताना धनुष्याच्या दोरीसारखी सांगाड्यापासून दूर उचलली जाते आणि ब्रेक नीट लागत नाही. निसर्गाने बोटांत अशाच पट्ट्या बसवल्या आहेत. त्या चिवट तंतूंच्या असून प्रत्येक बोटात मुख्य अशा पाच पट्ट्या कंडरेला हाडाशी धरून ठेवतात. मुळाच्या पेरावरची दुसरी पट्टी त्यांत सर्वांत कामाची, आणि प्रस्तरारोहकांच्या बाबतीत सर्वांत जास्त दुखावणारी. ती तुटते तेव्हा पुष्कळदा 'फट्' असा आवाज जवळ उभ्या असलेल्यालाही ऐकू येतो.

ती का तुटते हे समजण्यासाठी पकडीचे दोन प्रकार लक्षात घेतले पाहिजेत. टेबलाच्या कडेवर चार बोटांची टोके ठेवा. बोटे साधारण सरळ, थोडी गोलसर वळलेली असतील, तर ती उघडी पकड. बादलीची कडी आपण जशी बोटांत अडकवतो, तशीच ही. आता मधला सांधा काटकोनात वर उचला, टोकाचे पेर मागे दाबून उलटे वाकवा आणि अंगठा तर्जनीच्या नखावर चढवा. ही झाली मुडपलेली पकड. गिर्यारोहकांच्या बोलीत तिला 'क्रिंप' म्हणतात. अंगठा न चढवता, टोकाचे पेर फार न मुडपता धरले, तर ती अर्धी क्रिंप.

क्रिंप पकडीत पहिल्याच दिवशी ताकद वाढल्यासारखी वाटते. अरुंद कंगोऱ्यावर बोटांची टोके घट्ट दाबली जातात, अंगठ्याचाही जोर मिळतो. म्हणून नवशिक्याची बोटे आपोआप याच पकडीकडे वळतात. पण सायकलच्या तारेचा विचार करा. तार सरळ जात असेल तेव्हा पट्टीवर फारसा ताण येत नाही. तीच तार काटकोनात वळवली, तर वळणाजवळच्या पट्टीवर सारा जोर येतो. फ्रान्समधील संशोधकांनी बोटाचे गणिती प्रतिरूप बनवून २००६ साली हा ताण काढला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे मुळाच्या पेरावरील त्या पट्टीवर क्रिंप पकडीत येणारे बल उघड्या पकडीतल्या बलाच्या ३६ पट निघाले. मधल्या पेरावरच्या पट्टीवर ते ४ पट होते. एकाच कंगोऱ्याला, त्याच हाताने धरायचे, फक्त बोटांची ठेवण बदलायची, आणि फरक ३६ पटींचा!

प्रौढ माणसाच्या बोटात अशा वेळी पट्टी दुखावते. तुमच्या वयात मात्र तिच्याही आधी दुसरे काही दुखावण्याचा संभव असतो. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. हाडाची लांबी येथेच वाढते, म्हणून त्याला वृद्धिपट्टिका म्हणू. पूर्ण बनलेल्या हाडापेक्षा किंवा कंडरेपेक्षा ही पट्टिका नाजूक असते. बोटांतील वृद्धिपट्टिका मुलींमध्ये साधारण पंधराव्या, तर मुलांमध्ये सतराव्या वर्षाच्या सुमारास बुजून हाडात मिसळतात. माणसामाणसांत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो. झपाट्याने उंची वाढण्याचा जो काळ असतो, त्याच काळात मूल शाळेच्या शिबिरात किंवा चढाईच्या भिंतीवर जाऊ लागते. क्रिंप पकडीत मधल्या सांध्यावर मागच्या बाजूने मोठा दाब येतो. हा दाब पुन्हा पुन्हा पडला की मधल्या पेराच्या बुडाशी असलेल्या वृद्धिपट्टिकेला चीर जाते. बहुधा मधले बोट किंवा अनामिका यांना ही इजा होते.

ही इजा फसवी असते. पडलो नाही, आपटलो नाही, 'फट्' आवाजही आला नाही. बोटाच्या मधल्या सांध्याच्या पाठीमागच्या बाजूस थोडी सूज, दाबले की दुखणे, सकाळी बोट आखडणे, एवढेच. "सरावाने दुखतेय, दोन दिवसांत राहील" असे म्हणून मुले ते अंगावर काढतात. तसे करू नये. दुखणे टिकून राहिले, तर चढाई ताबडतोब थांबवावी आणि हाडांच्या डॉक्टरांकडून क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. वेळेत विश्रांती मिळाली तर अशा चिरा बहुधा चांगल्या भरून येतात. दुर्लक्ष केले तर बोट वाकडे वाढण्याची किंवा सांधा कायमचा आखडण्याची भीती असते. शिक्षकांनीही हे ध्यानात घ्यावे. लाकडी पट्टीला नुसत्या बोटांनी लोंबकळण्याचा व्यायाम आणि पूर्ण क्रिंप पकड या दोन गोष्टी वाढीच्या वयातील मुलांना देऊ नयेत, असेच या विषयातले जाणकार सांगतात. माझ्या मते शाळेच्या शिबिरात दोर बांधायला शिकवण्याइतकेच हे महत्त्वाचे आहे, आणि नेमके हेच सांगायचे राहून जाते.

मग मुलांनी पकड सुधारायची कशी? उघड्या पकडीची सवय लावून. सुरुवातीस ती कमजोर वाटते, कारण कोपराखालच्या स्नायूंना त्या लांबीत काम करण्याचा सराव नसतो. काही आठवड्यांत हे स्नायू तयार होतात. कंडरांना आणि त्यांच्या पट्ट्यांना मात्र रक्तपुरवठा कमी असल्यामुळे बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. स्नायू पुढे धावतात, कंडरा मागे राहतात. 'आता मला जमते आहे' असे वाटू लागण्याचा जो काळ, तोच म्हणून अधिक जपण्याचा.

बोटांची रचना झाली. आता बोट आणि दगड यांच्यामधल्या घर्षणाकडे वळू.

तानाजी मालुसऱ्यांनी घोरपडीला दोर बांधून सिंहगडाचा कडा सर केला, ही १६७० सालच्या लढाईची कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. यशवंती नावाच्या त्या घोरपडीची कथा पुष्कळ इतिहासकार खरी मानत नाहीत. पण घोरपड कड्यावर घट्ट राहू शकते हे मात्र खरे. तिच्या बाकदार, टणक नख्या खडकाच्या भेगांत आकड्यासारख्या अडकतात. घरातील पाल वेगळी युक्ती वापरते. तिच्या पायांच्या तळव्यांवर अतिसूक्ष्म केसांचे दाट रान असते. हे केस पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूंमधील क्षीण आकर्षणही, लाखो केसांचे मिळून, तिचे वजन पेलते. म्हणून ती काचेवरही चढते. आपल्याकडे ना तशा नख्या, ना तसे केस. आपल्याजवळ आहे ती मऊ, किंचित ओलसर कातडी.

पाठ्यपुस्तकात तुम्ही शिकता की घर्षणबल हे दोन पृष्ठभागांमधील लंब दाबाच्या प्रमाणात असते, आणि ते संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते. त्या प्रमाणास घर्षणगुणांक म्हणतात. तो मोजायला सोपा आहे. एका फळीवर रबरी चप्पल ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. चप्पल घसरू लागेल त्या क्षणी फळीच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा आणि तिला फळीच्या पायाच्या आडव्या लांबीने भागा. आलेली संख्या म्हणजे घर्षणगुणांक. उंची ६० सेंटिमीटर आणि आडवी लांबी १०० सेंटिमीटर भरली, तर तो ०.६ झाला.

पण पुस्तकातला नियम लाकूड, धातू अशा कठीण पदार्थांना चांगला लागू पडतो. कातडी आणि रबर यांना तो तंतोतंत लागू पडत नाही. मऊ पदार्थ दाबला की दगडाच्या खडबडीत पृष्ठभागात शिरतो. दाब दुप्पट केला तरी घर्षण दुपटीहून कमीच वाढते. म्हणून तोच जोर जास्त कातडीवर पसरला, तर पकड सुधारते. उतरत्या, गोल दगडावर, जेथे बोट अडकवायला काठच नाही, तेथे आरोहक बोटांची टोके न रुतवता सारी बोटे आणि तळहातसुद्धा दगडाला चिकटवतो, तो याचसाठी.

घामाचे काय? शेतावर कुदळ उचलण्यापूर्वी माणूस तळहातावर थुंकी टाकून हात चोळतो, हे तुम्ही पाहिले असेल. त्यात शास्त्र आहे. अगदी कोरडी कातडी ताठ असते. थोड्या ओलाव्याने ती मऊ होते आणि पृष्ठभागाला अधिक चिकटते. पण ओलावा वाढून पाण्याचा थर बनला, की तोच थर वंगणाचे काम करतो. तळहातावर घामाच्या ग्रंथी दाट असतात, आणि या ग्रंथी उन्हापेक्षाही भीतीला अधिक दाद देतात. कड्यावर घाबरलेल्या माणसाचे हात नेमके नको तेव्हा निसरडे होतात.

यावर उपाय म्हणून आरोहक कमरेच्या पिशवीतून पांढरी पूड बोटांना लावतात. ही फळ्यावर लिहिण्याच्या खडूची पूड नसून मॅग्नेशियम कार्बोनेटची असते. कसरतपटू ती पूर्वीपासून वापरत. जॉन गिल या अमेरिकन गणितज्ञाने, जो स्वतः कसरतपटूही होता, १९५० च्या दशकात ती खडकावर आणली. आता गंमत पाहा. २००१ साली इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगात या पुडीने घर्षण कमी होते असे आढळले! कातडी कोरडी पडते आणि पुडीचे कण स्वतःच बारीक वाळूसारखे घसरतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. २०१२ साली दुसऱ्या संशोधकांनी चुनखडक व वालुकाश्म यांवर प्रयोग केले, तेव्हा पुडीने घर्षण सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढले. कोण बरोबर? दोन्ही प्रयोगांतले सगळे खडक सारखे नव्हते, पद्धतही वेगळी होती. दोहोंपैकी एकातही आपला बसाल्ट नव्हता. शाळेच्या प्रयोगशाळेत बसाल्टची एक घासलेली फरशी आणि एक खडबडीत तुकडा घेऊन तुम्हीच हे पडताळून पाहा ना! तोवर व्यवहारात एवढे करावे : घाम असेल तरच पूड, तीही पातळ, आणि जास्तीची फुंकून टाकावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती हातांबद्दल नाहीच. एक हिशेब करू. तुमचे वजन ४५ किलोग्रॅम आहे. तुम्ही अगदी उभ्या भिंतीवर आहात. पाय एका खोबणीवर, हात त्यांच्यावर १५० सेंटिमीटर उंचीच्या कंगोऱ्यावर. शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे साधारण बेंबीजवळचा भाग, भिंतीपासून २० सेंटिमीटर दूर आहे. पायाची खोबण हा टेकू धरा. वजन तुम्हाला भिंतीपासून मागे पाडू पाहते : त्याचे परिबल ४५ गुणिले २०, म्हणजे ९००. हात तुम्हाला भिंतीकडे ओढून धरतात : त्यांचे परिबल हातांचे आडवे बल गुणिले १५०. दोन्ही समान असली तर तोल राहील. ९०० भागिले १५० म्हणजे ६. दोन्ही हातांनी मिळून भिंतीकडे फक्त ६ किलोग्रॅम भाराइतके ओढायचे आहे! आता भीतीने ढुंगण मागे काढून उभे राहा, गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटरवर गेला असे समजा. हातांवरचे आडवे बल लगेच १२ किलोग्रॅम भार होते. आणि पाय निसटला? मग सारे ४५ किलोग्रॅम बोटांवर.

हिशेब आणखी एक पाऊल पुढे नेऊ. कंगोरा आतल्या बाजूस खाच असलेला असेल, तर आडवे ओढणे सोपे. तो अगदी सपाट असेल, तर बोटे बाहेर घसरू नयेत यासाठी घर्षण हवे, आणि घर्षणासाठी खाली दाबायला हवे. घर्षणगुणांक ०.६ धरला, तर ६ किलोग्रॅमच्या आडव्या बलासाठी बोटांनी निदान १० किलोग्रॅम भार खाली दिला पाहिजे. १२ साठी २० किलोग्रॅम. म्हणजे कंबर वीतभर मागे गेली, की बोटांचे काम दुप्पट. बोटे तीच, कंगोरा तोच. चांगल्या आरोहकाची पकड पाहायची असेल तर प्रथम त्याची कंबर पाहा, मग त्याचे पाय. तो दर हातामागे पाय दोनदा-तीनदा बदलतो, बुटाचे टोक नेमके खोबणीवर टेकवतो आणि मगच वर सरकतो. भिंत डोक्यावर झुकलेली असेल, तर मात्र पाय सारे वजन घेऊ शकत नाहीत आणि हिशेब बोटांच्या विरुद्ध जातो. नवशिक्याने तिकडे घाई करू नये.

तरीही नवशिक्याचे हात पाच मिनिटांत भरून का येतात? कारण तो लागते त्याहून कितीतरी अधिक जोराने दगड आवळतो. स्नायू आवळला की त्यातील रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. पूर्ण ताकदीच्या साधारण निम्म्यापुढे जोर गेला, तर कोपराखालच्या स्नायूंतील रक्तप्रवाह जवळजवळ थांबतो. प्राणवायू येत नाही, तयार झालेली टाकाऊ द्रव्ये निघून जात नाहीत. हात टणक होतो, बोटे आपोआप उघडू लागतात. यावर उपाय म्हणजे आवळणे कमी करणे आणि मिळेल तेथे एक हात सोडून खाली झटकणे. हात सरळ ठेवून लोंबणेही उपयोगी. कोपर वाकवून राहिले तर दंडाचे स्नायू विनाकारण दमतात, सरळ हातात भार हाडे आणि अस्थिबंध घेतात.

याचा सराव जमिनीपासून दोन-तीन फुटांवर होतो. पुणे परिसरात आता कृत्रिम चढाईभिंती आहेत. भिंतीच्या बुडाशी, खाली गादी आणि जवळ शिक्षक असताना, आडवे सरकत जा. एका खोबणीवर थांबा, पाय नीट टेकवा आणि बोटांचा जोर हळूहळू कमी करा. आता घसरणार, असे वाटेपर्यंत. मग किंचित जोर वाढवा. तेवढाच जोर त्या खोबणीला पुरेसा होता. हा खेळ खेळताना बहुतेकांना आपण किती फुकट आवळत होतो याचे नवल वाटते. अंगठी किंवा कडे घातले असेल, तर आधी काढून ठेवा. पाय निसटून अंगठी कंगोऱ्यात अडकली, तर बोट गमावण्याची पाळी येते.

या खेळाला आता जगात मोठा मान आहे. २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत विश्वचषक मालिकेतील फेऱ्या झाल्या, आणि टोकियो येथे २०२१ साली पार पडलेल्या ऑलिंपिकमध्ये त्याला प्रथम स्थान मिळाले. स्पर्धेच्या भिंतीवरील खोबणी मात्र कारखान्यात बनवून बोल्टांनी पक्क्या केलेल्या असतात. सह्याद्रीची गोष्ट वेगळी.

आपल्या बसाल्टमध्ये दोन लाव्हाथरांच्या सांध्यावर अनेकदा तांबडा, भुसभुशीत थर असतो. तेथील पकड हातात सुटून येते. बुडबुड्यांच्या भोकात एक-दोन बोटे छान बसतात, पण भोक खनिजाने अर्धे भरलेले असेल तर त्याचा काठ ठिसूळ असतो. शिवाय एकाच बोटावर भार टाकणे म्हणजे त्या बोटाच्या पट्टीची परीक्षा पाहणे. म्हणून जाणता आरोहक दगडावर भार देण्यापूर्वी तो हाताच्या पंजाने ठोकतो. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ 'डब' आवाज आला तर दगड सुटा आहे. धरायचाच झाला तर त्याला खाली दाबतात, बाहेर ओढत नाहीत. दिघीच्या पलीकडे मोशीला दगडखाणी आहेत. तशा खाणींच्या कडांवर चढण्याचा मोह कधीही धरू नका. सुरुंगांनी तो खडक आतून खिळखिळा झालेला असतो, आणि तेथे ठोकून पाहण्याचाही उपयोग होत नाही.

उभ्या भेगा मात्र सह्याद्रीची देणगी आहेत, आणि त्यांत बोटांना जवळजवळ रजाच मिळते. तळहात रुंदीच्या भेगेत पंजा सरळ आत घालतात, अंगठा तळहाताकडे दुमडतात. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा फुगतो, बोटांची मागची बाजू एका भिंतीला आणि तो उंचवटा दुसऱ्या भिंतीला दाबला जातो. पाचरीसारखा हात अडकतो. भेग रुंद असेल तर मूठ वळून अडकवतात. येथे काम करतात ते तळहातातलेच स्नायू. कोपराखालचे स्नायू विश्रांती घेतात आणि कंडरांच्या पट्ट्यांवर ताण येत नाही. हाताची पाठ खरचटते खरी, म्हणून तिला चिकटपट्टी गुंडाळतात. पहिल्यांदा दुखते, बेढब वाटते. पण वाढत्या वयाच्या बोटांना याहून सोयीची पकड कातळावर दुसरी नाही.

हे सारे दोर, शिरस्त्राण आणि अनुभवी मार्गदर्शक यांच्यासहच करायचे, हे वेगळे सांगायला नको. जून ते सप्टेंबर या काळात कड्यावर शेवाळ असते आणि तेथे कोणताही घर्षणगुणांक उपयोगाचा नाही. ऑक्टोबरनंतर खडक कोरडा होतो. त्या दिवसांत कड्याखाली उभे राहिल्यावर प्रथम वर पाहून आग्या मोहोळ कोठे लोंबते आहे ते शोधावे. ते दिसले तर त्या दिवशी ती वाट सोडून द्यावी, आणि खालीही आवाज न करता निघून जावे.